देहदान : फॉर्म भरल्यानंतरचं काम

देहदानाचा फॉर्म भरणं ही या सगळ्यातली सोपी गोष्ट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात असे फॉर्म भरून ठेवलेली माणसं गावोगाव सापडतात. कोणी व्याख्यान ऐकून भरतं, कोणी पंच्याहत्तरी झाल्यावर. ओळखपत्र पाकिटात जातं आणि फॉर्मची प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत. पण मृत्यूनंतर पहिल्या तासाभरात घरातल्या कोणीतरी योग्य ठिकाणी फोन केला, तरच देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात पोहोचतो. या कामात हातभार लावणाऱ्या आम्हा मंडळींना हेच दिसत आलंय. ठरलेली देहदानं चुकतात ती त्या तासाभरात, आणि बहुतेकदा चांगल्या हेतूने केलेल्या धावपळीमुळे.

फॉर्म ही त्या माणसाची इच्छा असते. मृत्यूनंतर ज्यांच्या ताब्यात देह असतो त्या जवळच्या नातेवाइकांची संमती वेगळी लागते. मुलगा ‘नको’ म्हणाला तर फॉर्म पुढे करून देह मागायला कोणतंही महाविद्यालय येत नाही. उलट फॉर्म न भरलेल्या माणसाचा देहही पत्नी-मुलांनी लेखी संमती दिल्यावर बहुतेक ठिकाणी स्वीकारतात. म्हणून फॉर्मवर साक्षीदार म्हणून सह्या घेताना विचार करावा. वाचनालयातल्या मित्राची सही कागदावर चालते, पण त्या दिवशी भावकीसमोर उभं राहायला तो कमी पडतो. एक सही पत्नीची किंवा मुलाची घ्यावी आणि दुसरी अशा कोणाची, जो हाकेच्या अंतरावर राहतो. मुलगा पुण्यात, मुलगी गोव्यात आणि घरी दोघं म्हातारी अशी घरं आता आपल्याकडे फार झाली आहेत. तिथे शेजारच्या पुतण्याला सगळं माहीत असणं लाखमोलाचं.

आता हा खटाटोप कशासाठी ते. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्यामानाने उशिरा आलं. जिल्हा रुग्णालयाला जोडून बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे बिम्स, २००५ मध्ये सुरू झालं. आंबेडकर रोडवरच्या त्या आवाराला लोक अजूनही ‘सिव्हिल’च म्हणतात. शहापुरात आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथेही शरीररचना शिकवतात. दक्षिणेला हुबळीचं केएमसी, म्हणजे कर्नाटक मेडिकल कॉलेज, १९५७ चं, उत्तरेला मिरजेचं सरकारी महाविद्यालय १९६२ चं, आणि कोल्हापूरचं सीपीआर या सरकारी रुग्णालयाला जोडलेलं. सिव्हिलमध्ये केसपेपर काढून आपण ज्या डॉक्टरपुढे बसतो, तो एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी अशाच एखाद्या देहावर शिकलेला असतो. दीडशे विद्यार्थ्यांची तुकडी धरली आणि एका टेबलाभोवती दहा ते पंधरा जण उभे केले, तरी वर्षाला दहा ते पंधरा देह हवेत. हा हिशेब फक्त पहिल्या वर्षाचा. सर्जरी किंवा कान-नाक-घसा शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सरावाला लागतात ते वेगळे.

प्लास्टिकची मॉडेलं आली, टेबलाएवढ्या स्क्रीनवर त्रिमितीत दिसणारं शरीरही आलं. तरी देह लागतोच, कारण मॉडेल सगळं सारखं दाखवतं आणि माणसं सारखी नसतात. मनगटाच्या पुढच्या बाजूला पाल्मारिस लाँगस नावाचा एक बारीक स्नायू असतो. काही माणसांत तो नसतोच. दंडातली रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, साधारण कोपराच्या थोडी खाली दुभंगते, पण काहींच्यात ती वर काखेजवळच दुभंगलेली सापडते. गर्भाशयाची रोहिणी जिथे मूत्रवाहिनीवरून जाते ती जागा डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून लक्षात ठेवावी लागते. गर्भपिशवी काढताना चुकून मूत्रवाहिनी बांधली गेली तर बाईच्या मूत्रपिंडावर बेततं.

पूर्वी हे देह बहुतांशी बेवारस असायचे. बसस्टँडवर, रेल्वेफाटकाजवळ सापडलेली, ओळख न पटलेली माणसं. त्यासाठी मुंबई राज्यात १९४९ चा ॲनाटॉमी कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि पुढच्याच वर्षी तिथला स्वतंत्र ॲनाटॉमी कायदा झाला. तोच आज कर्नाटक ॲनाटॉमी कायदा, १९५७ म्हणून लागू आहे. बेवारस देह बहुतेकदा उशिरा सापडतो आणि पोलिसी चौकशीतून जातो, त्यामुळे शिकवायला तो कमी उपयोगी. स्वेच्छेने आलेला देह वेळेत येतो, वय आणि आजार माहीत असतो. आपल्या जिल्ह्यात या विषयाला मोठी चालना दिली ती बैलहोंगलच्या रामण्णवर घराण्याने. वडिलांनी देह दिला आणि शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर मुलाने २०१० मध्ये विद्यार्थ्यांसमोर त्याचं विच्छेदन केलं. दधीचीचं उदाहरण भाषणात ठीक असतं. इथल्या माणसांना बैलहोंगलचं उदाहरण जास्त पटतं.

आता प्रत्यक्ष वेळ. माणूस घरी गेला की पहिली चूक होते ती अशी : श्वास थांबल्याची शंका आली की नातेवाईक त्याला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेतात. जीव असण्याची जराही शक्यता असेल तर न्यायलाच हवं, तिथे देहदानाचा विचारही मनात आणू नये. पण दीर्घ आजारात, अपेक्षित असलेला मृत्यू झालाय आणि तो झाल्याची खात्री आहे, तर कॅज्युअल्टीत नेऊ नये. तिथे ‘मृतावस्थेत आणले’ अशी नोंद होते. तिथल्या डॉक्टरने रुग्णाला आधी कधी पाहिलेलं नसतं, मृत्यूचं कारण तो लिहू शकत नाही. मग पोलिसांना कळवणं येतं, पंचनामा येतो आणि बहुधा पोस्टमॉर्टेमही. पोस्टमॉर्टेममध्ये छाती-पोट उघडतात, कवटी उघडतात, मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. त्यानंतर देह टिकवायचं रसायन भरायला मार्गच राहत नाही. देहदान तिथेच संपतं.

त्याऐवजी नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलवावं. नोंदणीकृत डॉक्टर असावेत, आजारपणात त्यांनी रुग्णाला तपासलेलं असावं. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचं प्रमाणपत्र फॉर्म ४ए मध्ये असतं, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म ४ मध्ये. रात्री दोन वाजता गावात असे डॉक्टर मिळणं हीच मोठी अडचण, विशेषतः खानापूरच्या जंगलपट्ट्यात. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. ‘डॉक्टर, आजीनं देहदान केलंय, तसं काही झालं तर रात्री याल का?’ असं विचारायला लोक लाजतात. लाजू नये. डॉक्टरही मग शेवटच्या आठवड्यात एकदा येऊन पाहून जातात आणि प्रमाणपत्र लिहिताना त्यांना अडचण येत नाही.

एक अडचण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हातारं माणूस न्हाणीत घसरून पडतं, खुबा मोडतो, महिनाभर अंथरुणात पडून जातं. घरच्यांच्या दृष्टीने हे म्हातारपण. कायद्याच्या दृष्टीने मृत्यूची साखळी अपघातापासून सुरू झाली, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, रुग्णालयात ज्याला एमएलसी म्हणतात. जळणं, सर्पदंश, विषबाधा, रस्त्यावरचा अपघात यांचंही तेच. एमएलसी असलेला देह शरीररचना विभाग घेत नाही, मग फॉर्म कितीही जुना असो.

डॉक्टर येईपर्यंत दोन गोष्टी कराव्यात. पहिली डोळ्यांची. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पापण्या मिटवाव्यात, वर ओल्या कापसाच्या किंवा स्वच्छ ओल्या कापडाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा, उशी देऊन डोकं वीतभर उंच ठेवावं. पंखा सुरू राहिला तर बुब्बुळ सुकतं. ही साधी गोष्ट उन्हाळ्यात हमखास विसरली जाते, कारण मातीला आलेल्या माणसांसाठी पंखा चालू ठेवलेला असतो. नेत्रपेढीचं पथक घरी येतं, रक्ताचा नमुना घेतं आणि पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब, यांतलं काहीही आड येत नाही. नेत्रदान झाल्यावर देहदान करता येतं. मेंदूमृत रुग्णाचं अवयवदान मात्र वेगळं प्रकरण आहे. ते रुग्णालयातच होतं आणि त्यात मोठ्या वाहिन्या कापल्या जात असल्याने असा देह विच्छेदनासाठी सहसा घेत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे विभागाला फोन. फोनवर काय सांगायचं ते कागदावर लिहूनच ठेवावं : नाव, वय, मृत्यूची वेळ, ठिकाण, आजार, पोलिस केस आहे का, डोळे द्यायचे आहेत का, देह किती वाजता पोहोचेल. विभागाचा नंबर कार्यालयीन वेळेत लागतो. रात्री आणि रविवारी महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयातल्या सीएमओशी, म्हणजे कॅज्युअल्टीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी, किंवा शवागाराशी बोलावं लागतं. फॉर्म भरताना हे दोन्ही नंबर मागून घ्यावेत आणि दर दिवाळीला लावून पाहावेत. नंबर बदलतात, माणसं बदलतात. दहा वर्षांपूर्वीच्या कार्डावरचा नंबर ऐनवेळी बंद लागला की घरातला विरोध करणारा काका लगेच म्हणतो, ‘बघितलंस? घेणारे पण नाहीत.’

विभाग काही देह नाकारतो आणि तो नाकारू शकतो, हे घरच्यांना आधी माहीत असावं. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सक्रिय क्षयरोग, सेप्सिस, गँगरीन, मोठ्या जखमा, फार स्थूल किंवा फार कृश देह, आणि अर्थातच सडायला लागलेला देह. कर्करोगाचं ठिकाणानुसार ठरतं. नाकारण्यात अपमान काही नाही. त्या टेबलाशी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं महिनोन्‌महिने उभी राहणार असतात.

वेळ किती? शीतपेटी नसेल तर सहा ते आठ तासांच्या आत देह पोहोचलेला बरा, एप्रिल-मेमध्ये त्याहून लवकर. मुलगा मुंबईहून निघालाय, मुखदर्शन झाल्याशिवाय देह हलवायचा नाही, असं ठरलं तर लगेच शीतपेटी मागवावी. बर्फाच्या लाद्या शेवटचा उपाय. त्यांनी देह एकीकडे गार आणि दुसरीकडे कोमट राहतो, शिवाय पाण्याने कातडी भिजते. सगळ्यात चांगलं म्हणजे देह आधी महाविद्यालयाच्या शीतगृहात ठेवावा, तिथे साधारण ४ अंश सेल्सिअस तापमान असतं, आणि मुलाने दर्शन तिथेच घ्यावं. विभागाशी बोललं तर बहुतेक ठिकाणी याला ना नसते.

वाहन १०८ चं मिळत नाही, ती रुग्णांसाठी असते. शववाहिका पालिकेची, एखाद्या संस्थेची किंवा खासगी करावी लागते. काही महाविद्यालयं ठरावीक अंतरापर्यंत गाडी पाठवतात, ते विचारून घ्यावं. सीमाभागात कुठे न्यायचं हेही आधी ठरवावं. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, कागवाड-उगारच्या लोकांना मिरज शेजारी, तर चंदगडकरांना आपलंच राज्य ओलांडून बेळगाव सोयीचं. राज्याची हद्द देहदानाच्या आड येत नाही, पण प्रत्येक महाविद्यालयाचा फॉर्म वेगळा आणि एकाचा फॉर्म दुसऱ्याकडे सहसा चालत नाही. शक्य असेल तर दोन ठिकाणी फॉर्म भरून ठेवावेत. काही ठिकाणी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र मागतात, काही ठिकाणी साधा अर्ज पुरतो.

बरोबर न्यायचे कागद असे : डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, मृताचं आधार, संमती देणाऱ्या नातेवाइकाचं आधार, दोन साक्षीदारांची ओळखपत्रं, भरलेल्या फॉर्मची प्रत किंवा ओळखपत्र, फोटो, शेवटच्या आजारपणाचे रिपोर्ट. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. रात्री झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं, म्हणून आधीच काढून एका फाइलीत ठेवाव्यात. नावांचा घोळ आपल्याकडे ठरलेला. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, कन्नडमध्ये एक आणि इंग्रजीत दुसरंच, ‘ज्योतिबा’चं ‘जोतिबा’. देह घेताना कोणी यावर अडून बसत नाही, पण पुढे पेन्शन आणि बँकेच्या वेळी हेच नडतं. संमतीपत्र आणि पावतीवर आधारवरचंच नाव लिहून घ्यावं. कन्नड फॉर्म वाचता येत नसेल तर विभागातल्या कोणाकडून वाचून घेऊनच सही करावी. मराठीतली सही चालते.

घरात करायचे विधी जरूर करावेत. अंघोळ, हळदकुंकू, हार, भजन, यांतलं काहीच देहाला बाधक नाही. दागिने उतरवावेत, पेसमेकर असेल तर सांगावं. खरा वाद होतो तो नंतरच्या विधींवरून. अग्नी नाही तर तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन कशाचं करायचं? लिंगायत घरांत मूठमाती कुठे द्यायची? कोणी भटजींना विचारून दर्भाची प्रतिमा करून विधी करतात, कोणी नुसती श्रद्धांजलीची सभा घेतात, कोणी शेताच्या बांधावर झाड लावतात. आमचं मत असं, की हे त्या माणसाने जिवंतपणीच घरात सांगून ठेवावं, आणि मुलांबरोबर स्वतःच्या बहिणीला नक्की सांगावं. विरोध सहसा मुलांचा नसतो. माहेरी आलेली आत्या दारात बसली आणि ‘माझ्या भावाला अग्नीसुद्धा नाही?’ म्हणाली, की चांगले शिकलेले लोक गप्प होतात.

देह सुपूर्द झाल्यावर काय होतं, हे घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. मांडीच्या वरच्या भागात, जांघेखाली, काही सेंटिमीटरचा छेद घेऊन फेमोरल रोहिणी मोकळी करतात, काही ठिकाणी मानेतली कॅरोटिड घेतात. तीत नळी बसवून वर टांगलेल्या टाकीतून किंवा पंपाने द्रावण सोडतात. मोठ्या माणसाला साधारण आठ ते दहा लिटर लागतं. द्रावणात मुख्य फॉर्मेलिन, म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं पाणी. त्याने प्रथिनं एकमेकांत जखडली जातात आणि कुजणं थांबतं. ग्लिसरीन ऊती ओलसर ठेवतं, फिनॉल बुरशी रोखतं, स्पिरिटने द्रावण आत शिरतं, इओसिनचा गुलाबी रंग असतो तो द्रावण कुठवर पोहोचलं ते दिसावं म्हणून. बोटांच्या टोकांपर्यंत गुलाबी छटा आली, हातपाय कडक झाले की काम जमलं. देह उशिरा आला असेल तर रक्ताच्या गुठळ्यांनी वाहिन्या बुजलेल्या असतात. द्रावण मांडीतच अडतं, मग दोन्ही हात, दोन्ही पाय, मान अशा ठिकाणी वेगवेगळं टोचावं लागतं, आणि तरीही पावलं किंवा मेंदू नीट टिकत नाही. घरी वाया गेलेले दोन तास इथे असे दिसतात. त्यानंतर देह फॉर्मेलिनच्या टाकीत काही महिने ठेवतात. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवलं, त्यामुळे विच्छेदनगृहात हवा खेळती ठेवणं, हातमोजे, मास्क यांवर भर असतो. तो वास आणि डोळ्यांची चुरचूर विद्यार्थ्यांना वर्षभर पुरते.

२०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थी विच्छेदन सुरू करण्यापूर्वी देहाप्रती आदराची शपथ घेतात. मग वर्षभर हात, पाय, छाती, पोट, डोकं-मान, मेंदू. हाडं स्वच्छ करून शिकवण्यासाठी ठेवतात, उरलेले अवशेष नियमानुसार विल्हेवाटीला जातात. देह किंवा अस्थी घरच्यांना परत मिळत नाहीत, नंतर पाहायलाही मिळत नाहीत. हे सहीच्या आधी समजून घ्यावं.

शेवटी नोंदणी. मृत्यूची नोंद मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे, २१ दिवसांत. देह बेळगावात दिला म्हणून नोंद बेळगावात होत नाही. चंदगड तालुक्यातल्या घरी गेलेल्याची नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत, खानापूरचा माणूस गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात गेला तर गोव्यात. या गोंधळात मुदत उलटते आणि विलंब शुल्क, प्रतिज्ञापत्र मागे लागतं. घरी झालेल्या मृत्यूच्या नोंदीला कधी स्मशानाची पावती मागतात. तिथे महाविद्यालयाने दिलेली देह स्वीकारल्याची पावती द्यावी. ती सही-शिक्क्यासह, तारीख-वेळ लिहून, देह सोपवतानाच मागून घ्यावी. मूळ प्रत घरी ठेवावी आणि सगळीकडे झेरॉक्स द्यावी.